रुमालाखालचा भाव

परदेशातून काही मागवायचं असेल तर माझ्या दुकानात येऊ नका, असं मी आता तोंडावर सांगते. सातबारा काढून देते, पीकविम्याचा अर्ज भरते, आधारची दुरुस्ती करते, झेरॉक्स तर दिवसभर चालूच असतं. परवा देवळालीचा एक जण बाहेरदेशातले बूट मागवायचे म्हणून मोबाईल घेऊन आला. कस्टमचे किती लागतील तेवढं सांगा म्हणाला. मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक असतं ते आधी सांगत नाहीत, तेव्हा ऊठ. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण कस्टम हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं आणि रंगाण्णा समोर उभे राहतात, गळ्यात पाटी अडकवलेले.

रंगाण्णा आमच्या कांद्याच्या आवारात लिलाव पुकारायचे. कोल्हारजवळ नगर-मनमाड रस्त्याला लागून ते आवार आहे आणि त्याच्या फाटकाशी माझं दुकान. सोमवारी आणि गुरुवारी पहाटेपासून टेम्पो, ट्रॅक्टर लागायचे, आणि नऊच्या ठोक्याला आण्णांचा आवाज उठायचा. भोंगा नाही, माईक नाही. प्रवरेच्या पलीकडे उसाला पाणी धरणाऱ्या माणसाला आज काय भाव फुटला ते तिथे उभ्या उभ्या कळायचं. मला तर झेरॉक्सचं मशीन चालू असताना गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण आण्णांचं "दोन वार" ऐकू यायचं.

माणूस मूळचा मिरजगावकडचा. उंच, काळाभोर, खांद्यांत थोडा वाकलेला. पांढरा सदरा, पायात जाड टायरच्या चपला. खिशात रुमाल कधीच नाही. घाम आला की बाहीला पुसायचा, नाक वाहिलं तरी बाहीच. कौसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, चिडून चिडून थकली होती. एकदा मी विचारलं, आण्णा, एवढे सदरे काकूंना घासायला लावता, एक रुमाल ठेवायला काय होतं? तर आण्णा म्हणाले, रुमाल हे चोरीचं हत्यार हाय.

त्यामागे गोष्ट होती. त्यांच्या लहानपणी वडिलांनी खिलारांची जोडी बैलबाजारात नेली होती. तिथली जुनी रीत अशी, की घेणारा आणि दलाल हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं उभी असोत, भाव त्या दोघांनाच कळतो. दलालाने वडिलांना सांगितला तो भाव एक, आणि घेणाऱ्याने मोजला तो दुसरा. मधलं दलालाच्या पोटात गेलं. वडिलांना ते वर्षाने कळलं, तेव्हा बैलही गेले होते आणि दलालही. आण्णा मोठे होऊन लिलाव पुकारायला लागले ते ही खुन्नस मनात धरूनच.

त्यांचा एकच कायदा होता. माल उघडा, भाव उघडा. शेतकऱ्याच्या समोर गोणी फोडायची, कांदा ओतायचा, हात घालून वरचा-खालचा माल दाखवायचा, मगच तोंडातून भाव काढायचा. कुणी व्यापारी दुसऱ्याच्या कानाला लागला की आण्णा पुकारणं थांबवून त्याच्याकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, "शेट, मोठ्यानं बोला. आमालाबी ऐकू द्या." आणि शेट मोठ्याने बोलायचा.

एकदा एक म्हातारी तीन गोण्या गोल्टी घेऊन आली. गोल्टी म्हणजे लिंबाएवढा बारका कांदा, त्याला कोण विचारतो? व्यापारी ढीग ओलांडून पुढे चालले. आण्णा तिथेच थांबले. म्हातारीला गावाचं नाव विचारलं, कांदा कुठल्या पाण्यावरचा ते विचारलं, आणि एक नंबर मालाला लावत नव्हते असा आवाज त्या तीन गोण्यांना लावला. दहा मिनिटं. व्यापारी परत फिरले, लाजेने म्हणा, नाहीतर त्या आवाजाला कंटाळून म्हणा. भाव काही फार आला नाही. पण म्हातारी जाताना माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबली आणि म्हणाली, माझ्या कांद्याचं नाव घेतलं बाई त्या माणसानं.

असा माणूस, आणि त्याच्या नरड्यात गाठ निघाली. बिड्या ओढायचे, नाही म्हणत नाही मी. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला खाली एक भोक ठेवलं, श्वासासाठी. त्या भोकावर कायम स्वच्छ फडकं बांधावं लागायचं. ज्याने जन्मभर रुमालाला हात लावला नाही त्याच्या गळ्यात काकूंनी शिवलेला पांढरा रुमाल आला. पहिल्यांदा मी ते बघितलं आणि आत जाऊन शाईची बाटली उगाच पुसत बसले.

आण्णांनी शाळेची पाटी आणली, दोरीने गळ्यात अडकवली आणि लिहायला लागले. रागाने पेन्सिल इतकी दाबायचे की दिवसाला दोन मोडायच्या. लिहायला काही अडचण नव्हती हो त्यांना. अडचण अशी होती की कौसाकाकूंना वाचता येत नव्हतं. त्यांच्या घरात पस्तीस वर्षं बोलणं म्हणजे भांडण होतं आणि भांडण हाच संसार होता. चुलीपासून जावयापर्यंत सगळ्यावर दोघं तावातावाने बोलायची आणि मग एका ताटात जेवायची. आता एक बोलायची आणि दुसरा पेन्सिलीने कुरकुर करायचा, आणि ती कुरकुर तिला कळायची नाही.

म्हणून दुपारी बाजार उठला की दोघं माझ्या दुकानात येऊन बाकड्यावर बसायची. आण्णा लिहायचे, मी वाचायची, काकू उत्तर द्यायच्या. "भाजीला मीठ न्हाई" इथपासून ते "तुझ्या भावाला सांग, बांध कोरू नको" इथपर्यंत सगळं मी वाचलं. शिव्यासुद्धा वाचल्या. पण एक दिवस आण्णांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं, माझ्याकडे बघितलं आणि मी वाचायच्या आत तळहाताने पुसून टाकलं. काकू म्हणाल्या, काय लिवलं हुतं? मी म्हटलं, मला दिसलं नाही. नवराबायकोच्या मधे मी कशाला बसले आहे, असं मला त्या दिवशी फार लागलं.

मोबाईलही करून बघितला. लिहिलेलं वाचून दाखवतो ना तो? आण्णांनी टाईप केलं आणि मोबाईल एका कोवळ्या पोरीच्या आवाजात म्हणाला, कौसा, चहा टाक. काकू पोट धरून हसल्या, हसता हसता रडल्या आणि मग म्हणाल्या, ही कोन सवत आनली? आण्णांनी मोबाईल परत हातात घेतला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की एक यंत्र असतं, हातातल्या विजेरीएवढं. गळ्याला लावून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की आवाज निघतो. इथला विक्रेता तेच बाहेरून आणून दुप्पट किंमत सांगत होता. मी म्हटलं, आपणच मागवू. आण्णांकडे पैसे होते, हा हात पसरणारा माणूस नव्हता. माझ्याच दुकानातून मागवलं. तिकडच्या विक्रेत्याचं पत्र आलं, हवं तर भेट म्हणून आणि किंमत कमी लिहून पाठवतो, तुमचा कर वाचेल. मी ते मराठीत करून वाचून दाखवलं. आण्णांनी पाटीवर लिहिलं, "खरा भाव लिव म्हनावं. मी चोरून माल आनत न्हाई."

पाच आठवड्यांनी पोस्टमन पुडकं घेऊन दारात आला. सोमवार होता, आवार भरलेलं, काकूही आल्या होत्या. पोस्टमनने आधी चिठ्ठी पुढे केली. त्यावर कर होता. यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. त्या करावर आणखी कर, त्यावर पोस्टाचं काहीतरी. ज्याचा गळा कापलाय त्याने बोलायचं म्हटलं तर ही रक्कम. मी वाचलं आणि माझी कानशिलं तापली. त्या चिठ्ठीत पुडक्यात काय आहे त्याच्या जागी नुसतं विजेवरची वैयक्तिक वस्तू असं काहीतरी होतं. म्हणजे दाढीचं मशीन आणि माणसाचा आवाज, दोन्ही एकाच टोपल्यात.

आण्णा चिठ्ठी बघत नव्हते, पुडकं बघत होते. चिकटपट्टी एका बाजूने कापून पुन्हा लावलेली होती. त्यांनी पाटी ओढली.

"फोडला कुनी? माझ्यासमोर का न्हाई?"

पोस्टमन भला माणूस, तो म्हणाला, आण्णा, मला काय माहीत, वरून असंच आलं. मग आण्णांनी लिहिलं, हा भाव कुणी लावला त्याचं नाव सांग. त्याला नाव माहीत नव्हतं. चिठ्ठीवरही नाव नव्हतं, एक गोल शिक्का होता आणि कोंबडीने पाय घासल्यासारखी सही. आण्णांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "रुमालाखालचा भाव."

आणि इथे मी बोलले. मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हटलं, आण्णा, घेऊ नका, परत करा, येऊ देत त्यांना पुन्हा.

आमच्या आवारात असंच असतं. भाव पटला नाही तर शेतकरी आपल्या ढिगावर हात ठेवतो आणि देत नाही म्हणतो. कुणी त्याला जबरदस्ती करत नाही. माल त्याचाच राहतो, पुढच्या बाजाराला पुन्हा पुकारा होतो, आणि बहुतेक वेळा तोच व्यापारी चार पैसे वाढवून येतो. हे आण्णांनी हजार वेळा केलेलं, मी हजार वेळा बघितलेलं. आण्णांनी चिठ्ठीवर लिहिलं, भाव मान्य नाही, खाली लफ्फेदार सही केली आणि पुडकं पोस्टमनच्या पिशवीत स्वतःच्या हाताने ठेवलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मला तर काय अभिमान वाटला. काकू तेवढ्या त्या पिशवीकडे बघत होत्या.

पुढच्या सोमवारी आण्णा सदरा धुऊन घालून दुकानात येऊन बसले, नवा भाव येणार म्हणून. त्याच्या पुढच्या सोमवारीही बसले. पोस्टमन सायकलवरून समोरून गेला, थांबला नाही. तिसऱ्या सोमवारी मी कॉम्प्युटरवर पुडक्याचा नंबर घातला. घेणाऱ्याने नाकारल्यामुळे पाठवणाऱ्याकडे रवाना, असं आलं. यंत्र समुद्रापार निघून गेलं होतं. आम्ही दोघं शहाणे ढिगावर हात ठेवून बसलो होतो, आणि ढीग आमच्याकडे नव्हताच. तो त्यांच्या मुठीत होता. पैसे मोजून घेतलेला माल, नाव आमचं, गळा आमचा, आणि नाकारायचा हक्क म्हणजे मुकं राहायचा हक्क.

मी आण्णांना सांगितलं. मीच रडायला लागले. मग त्यांनी लिहिलं, "तुजा राग चांगला हाय. माजाच हिशोब चुकला." माझी चूक त्यांनी पाटीवर स्वतःच्या नावावर घेतली. मी ते काकूंना वाचून दाखवलं नाही.

पुन्हा मागवायचं ठरलं. या वेळी मी म्हटलं, नीट माहिती काढू. काढली, तर काय कळलं? असल्या यंत्राला करात सूट असते! सूट आहे, कायद्यातच आहे. पण ती आपणहून कुणी देत नाही. अमुक दाखला, तमुक शिक्का, तो माल यायच्या आत, त्या खिडकीवर. चोरून आणणाऱ्याला कुठे काय लिहायचं ते ठाऊक असतं, आणि खरा भाव लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं म्हणून त्याने भरायचं. मग माल मागवून टाकला आणि आम्ही दाखल्यामागे लागलो. सरकारी दवाखान्यात चार खेपा झाल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी मशीन बंद. पाचव्या खेपेला खिडकीवरचा माणूस फॉर्म बघत म्हणाला, पेशंटने स्वतः तोंडी नाव सांगायचं, दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रांगेतली माणसं मागे सरकली. आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाटीवर आपलं नाव लिहिलं आणि काचेला लावून धरलं. तो माणूस वाचून म्हणाला, बरं बरं. पण दाखला मिळायला आणखी दीड महिना गेला, आणि आम्ही तो पाठवला तेव्हा माल येऊन पडला होता. उशीर झाला म्हणून कागद परत, आणि पोस्टमन पुन्हा दारात. कर पहिल्यापेक्षा जास्तच, कारण मधल्या काळात डॉलर चढला होता.

आण्णा चिठ्ठीकडे बघत उभे राहिले. मी या वेळी तोंड शिवून घेतलं होतं. त्यांनी पाटीला हात घातला तशी काकू बाकड्यावरून उठल्या आणि त्यांचा हात धरला.

"भरा," काकू म्हणाल्या. "तुमी बरुबर हाय का न्हाई, त्याच्याशी मला काय करायचं न्हाई. मला तुमचं बोलनं पायजे. आठ म्हयने झालं, मी भिताडाशी भांडतीया."

आण्णांनी भरले. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने रुमालाखालचा भाव मान्य केला. सही केली ती इतकी बारीक, की पोस्टमनला परत करायला लावावी लागली.

यंत्र माझ्याच दुकानात उघडलं. आण्णांनी गळ्याला लावलं, बटण दाबलं आणि म्हणाले, कौसा. आवाज कसला, विहिरीवरची मोटर बोलावी तसा, चढ नाही, उतार नाही. काकूंनी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. मग आण्णांकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, ह्यो तुमचा न्हाई. आण्णांचं तोंड उतरलं. मग त्यांनी कर भरल्याची पावती उचलली आणि उठून बाहेर गेले.

बाजार भरात होता. आण्णा एका पालथ्या क्रेटवर चढले आणि यंत्र गळ्याला लावलं. त्या घरघरत्या आवाजात त्यांनी पावतीवरची एकूण एक ओळ वाचली. मालाची किंमत. त्यावर कर. करावर कर. पोस्टाचा आकार. पहिल्यांदा हमाल हसले, मग हसायचे थांबले. आण्णांनी पावती उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि पुकारलं, "माल माजा आवाज. भाव लावनाऱ्याचं नाव न्हाई. येक वार. दोन वार. हाय का कोन हा भाव मोठ्यानं बोलनारा? तीन वार." कुणी बोललं नाही. बोली नाही म्हणून त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली. माझ्या शेजारी उभ्या काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, ह्ये त्येच हायेत गं, शैला.

त्यानंतर आण्णा पाच महिने जगले. गाठ पुन्हा निघाली होती. मी हिशोब करणार नव्हते, पण तो होतोच आपोआप. ऑपरेशननंतर त्यांना तेरा महिने मिळाले आणि त्यातले आठ मुके गेले. काही माझ्या तोंडाळपणाने गेले, ते मी कबूल करते. उरलेले कुणाकडे मागायचे? त्या गोल शिक्क्याखाली नाव असतं तर मी जाऊन विचारलं असतं.

पण मला शेवटचे दिसतात ते वेगळेच. जायच्या पंधरा दिवस आधी मी त्यांच्याकडे दाखल्याची झेरॉक्स द्यायला गेले होते. दुपार होती. आण्णा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, अंगात हाडं तेवढी उरलेली, गळ्याला यंत्र. काकू समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. कशावरून तरी जुंपली होती, तिच्या भावाच्या बांधावरून असावी. आण्णा घरघरत होते, काकू उलट उत्तरं देत होत्या, आणि मला कुणी बस म्हणायच्या मनःस्थितीत नव्हतं. वाचून दाखवायला माझी गरज उरली नव्हती. पाटी कोपऱ्यात उलटी पडली होती, तिच्यावर शेंगांची टरफलं. मी कागद उंबऱ्यावर ठेवला आणि निघाले.

मागून काकूंचा आवाज आला, "हळू बोला जरा. शेजारी ऐकत्यात."

मी वळून बघितलं. आण्णांनी यंत्र गळ्यावरून काढलं, डोळ्यांजवळ धरलं, आवाजाची कळ शोधली आणि ती शेवटपर्यंत फिरवून परत गळ्याला लावलं.